नुसता हात लावण्याचे पैसे

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरातले एक तरी यंत्र हमखास अंथरूण धरते. एका वर्षी गीझर झाला, एका वर्षी वॉशिंग मशीन झाले. गेल्या दिवाळीचा मान मिक्सरचा होता. करंज्यांसाठी पिठीसाखर दळायला घेतली आणि तिसऱ्या भांड्याला तो एकदा घरघरला नि मुकाट झाला. बटण इकडे फिरवले, तिकडे फिरवले, प्लग काढून दुसरीकडे लावला, वर एक थापटीही मारली. (नवरेमंडळींच्या यंत्रज्ञानाची मजल साधारण एवढीच असते.) पण छे! सारणाची परात एकीकडे, साखरेचा डबा एकीकडे आणि मध्ये हताश होऊन बसलेली आमची सौ., असा तो देखावा होता. अशा वेळी गृहस्थाने काही तरी केलेच पाहिजे. मी फोन उचलला.

तासाभरात एक तरुण आला. कपडे झकपक, पाठीला पिशवी, बोलणे मोठे आदबशीर. त्याने मिक्सर उचलला, हुंगला आणि एखाद्या नामांकित डॉक्टरने हलवावी तशी मान हलवली. "मोटर जळाली, काका. वास येतोय बघा." वास येत होता खरा. "वर्कशॉपला न्यावा लागेल. सतराशे होतील. पण सणाचे दिवस आहेत, उद्याच आणून देतो." मी म्हटले, "जा घेऊन." दुसऱ्या दिवशी मिक्सर आला, फिरला, पिठीसाखर झाली, करंज्या झाल्या. सतराशे रुपये मी आनंदाने मोजले. वर चहा दिला, चिवड्याची बशीही पुढे केली. पोरगा अगदी देवासारखा धावून आला, असे त्या दिवशी मी चार जणांना सांगितले.

दिवाळी सरली. तुळशीचे लग्न आटोपल्यावर सौ.ने कागदपत्रांचा खण आवरायला काढला, तेव्हा मिक्सरबरोबर आलेली माहितीपुस्तिका हाती लागली. तीत लिहिले होते, की भार जास्त झाला तर यंत्र आपोआप बंद पडते. ते थोडा वेळ थंड होऊ द्यावे आणि तळाशी असलेले लाल बटण दाबावे. मिक्सर उलटा केला. तळाशी लाल बटण होते. मग शंका येऊन चार स्क्रू काढले आणि आत डोकावलो. मोटरीवर धुळीचा आणि हळदीचा चांगला जाड, जुना थर बसलेला होता. नव्या मोटरीवर दहावीस दिवसांत एवढी हळद साचत नाही, हे समजायला इंजिनियर व्हावे लागत नाही.

"बटण दाबायचे सतराशे!" सौ. म्हणाली. मग थोडे थांबून हळूच म्हणाली, "आणि त्या मिस्त्रींचे शंभर रुपये मात्र कापले होतेत तुम्ही."

वाचकहो, हे वाक्य मला सतराशे रुपयांपेक्षा जास्त लागले. कारण ते खरे होते.

त्याचे असे झाले होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बाहेरच्या खोलीतला पंखा अगदी मंद फिरू लागला. तेव्हा ते मिस्त्री आले. त्यांचे आडनाव आमच्या आळीत कुणालाच ठाऊक नव्हते. सगळे नुसते मिस्त्रीच म्हणत. बरोबर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, स्टूल धरायला. मिस्त्रींनी वर चढून पंखा हाताने फिरवला, कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "बेअरिंग चांगलं आहे, वाइंडिंगही चांगलं आहे. कंडेन्सर गेलाय." दहा मिनिटांत त्यांनी तो बदलला. पंखा भरारा फिरू लागला. त्यांनी अडीचशे रुपये मागितले.

आता, पुण्यात राहून तपकीर गल्लीतले भाव ज्याला माहीत नाहीत तो पुणेकर कसला! मी म्हटले, "मिस्त्री, तो कंडेन्सर साठ रुपयांना मिळतो. दहा मिनिटांच्या कामाचे अडीचशे?" ते म्हणाले, "साहेब, वस्तूचे साठच धरलेत. बाकी येण्याजाण्याचे आणि माझ्या कामाचे." मी म्हटले, "काम ते काय, नुसता हात तर लावलात." आणि दीडशे रुपये त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी नोटांची घडी घातली, मुलाकडे एकदा पाहिले आणि ते निघून गेले. त्यानंतर बोलावले की "वेळ नाही, साहेब" एवढेच उत्तर येई.

म्हणजे हिशेब असा झाला: ज्याने खरे निदान केले त्याचे शंभर कापले आणि ज्याने थाप मारली त्याला चिवडा खाऊ घातला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आपण फक्त राज्यकर्त्यांच्या दरबारी होतो असे समजतो. तो आपल्या दिवाणखान्यातही होतो.

हा धंदाच मुळी असा आहे, की त्यात खोटे पचते. जुन्या काळचे कल्हईवाले आठवा. दारासमोरच्या अंगणात भाता लागे, भांडे तापे, नवसागराचा धूर निघे आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पातेले रुप्यासारखे लखलखे. त्याने कथील कमी वापरले असेल तर महिन्याभरात आमटी कळके आणि पुढच्या खेपेला घरातली आजी त्याला अंगणातच उभी धरी. स्टोव्हचा वायसर बदलणारा असो की पाट्याला टाकी लावणारी बाई असो, काम डोळ्यांसमोर होई आणि त्याची परीक्षा लगेच स्वयंपाकघरात होई. आजचे यंत्र म्हणजे बंद पेटी. बिघाड काय हे सांगणारा तोच, औषध विकणारा तोच आणि रोगी बरा झाला म्हणून दाखला देणाराही तोच. यंत्र चालू झाले तरी जे बदलले ते बदलायला हवे होते का, किंबहुना काही बदलले तरी का, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली नेमक्या याच प्रकारच्या सेवांवर एक निबंध लिहिला. घेतल्यानंतरही जिचा खरेखोटेपणा गिऱ्हाइकाला पारखता येत नाही, अशी ही सेवा. तिचा सगळा व्यवहार विश्वासावर. निबंधाच्या शीर्षकातच मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीचे ‘योग्य प्रमाण’ यांचा उल्लेख आहे! म्हणजे प्रश्न फसवणूक होते की नाही हा नव्हे, तर ती कितपत होते हा.

ती किती होऊ शकते, याची एक परीक्षा अमेरिकेतल्या ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाने १९४१ साली घेतली होती. मासिकाची माणसे एक धडधाकट मोटारगाडी घेऊन देशभर हिंडली. गावात शिरण्यापूर्वी ती इंजिनातली एक तार मुद्दाम काढून ठेवीत आणि मग गाडी दुरुस्तीला नेत. अशी ३४७ गॅरेजे त्यांनी पाहिली. त्यांतल्या शंभरातल्या त्रेसष्टांनी जादा पैसे लावले, नको ते भाग घातले, नाही तर न केलेल्या कामाचे बिल केले. रेडिओच्या दुकानांचीही अशीच परीक्षा झाली आणि तिथेही साधारण तीनांत दोन दुकाने नापास ठरली. लबाडी ही काही आपल्याकडचीच खासियत नाही, एवढे समाधान यातून मिळते. पण मला त्या आकड्याची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. शंभरातल्या सदतिसांनी तार पाहिली, ती जोडली आणि एक तर काही घेतले नाही, नाही तर वाजवी तेवढेच घेतले. गिऱ्हाईक परगावचे, पुन्हा कधी भेटणार नाही, अडलेले आणि अज्ञानी. तरीही ते खरे बोलले. ही सदतीस माणसे कशी टिकवायची, हा आपला प्रश्न आहे.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे आपण निव्वळ अज्ञानी राहू नये. यंत्र उघडण्याची विद्या सगळ्यांना यायला नको. मायक्रोवेव्हसारखी वस्तू तर घरी मुळीच उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही तिच्या पोटात जीवघेणी वीज साठून राहू शकते. पण चार नेहमीच्या थापा तेवढ्या ओळखता याव्यात.

सगळ्यांत लोकप्रिय थाप फ्रिजची: "गॅस संपला." आता, फ्रिजमधला गॅस म्हणजे काही स्वयंपाकाचे सिलिंडर नव्हे, की तो रोज जळावा आणि संपावा. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत असतो. तो कमी झालाच, तर कुठे तरी गळती असली पाहिजे. ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. तेव्हा कुणी गॅस संपला म्हटले, की शांतपणे विचारावे, "गळती कुठे आहे ते दाखवता?" ज्या फ्रिजमध्ये बर्फ आपोआप वितळवण्याची सोय असते, त्यात वर बर्फ चांगला होतो आणि खाली भाजी मात्र गार होत नाही, असे पुष्कळदा घडते. तिथे बहुधा गॅसचा दोष नसतो. बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडलेली असते, नाही तर खाली गार हवा नेणारी वाट बर्फाने तुंबलेली असते. काही वेळा तर नुसते दाराचे रबर सैल झालेले असते. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे. तो सहज ओढून निघाला तर रबर पाहावे.

पंखा मंद झाला किंवा हाताने ढकलल्यावरच फिरू लागला, तर आधी कंडेन्सरवर संशय घ्यावा, वाइंडिंगवर नव्हे. वॉशिंग मशीनमधून पाणी जाईना, तर पंप बदलण्यापूर्वी खालची गाळणी उघडून पाहावी. तिथे नाणी, केसांच्या पिना आणि हरवलेले मोजे सापडतात. दारावर येऊन पाणी तपासणाऱ्याची तर बातच न्यारी! तो आपल्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतो आणि पाणी तांबडेकाळे झाले, की घरातल्या बायामाणसांना घाम फुटतो. पण तो गाळ बहुतांशी त्याच्या लोखंडी सळीचाच असतो. त्याच्या यंत्रातल्या पाण्यात क्षार कमी, म्हणून त्यातून वीज कमी वाहते आणि सळी झिजत नाही. जादूगाराच्या पोतडीतला हा प्रयोग आहे. त्यावरून पाण्यातल्या रोगजंतूंविषयी काहीही कळत नाही.

हे झाले लबाडांचे. पण प्रामाणिक माणूस ओळखायचा कसा? स्वस्त तो प्रामाणिक, असे मुळीच नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर खरोखरच गेला, तर प्रामाणिक माणसाचेही बिल मोठेच होणार. माझी खूण वेगळी आहे. प्रामाणिक कारागीर निदान सांगण्यापूर्वी प्रश्न विचारतो: "केव्हापासून? आवाज कसा येत होता? मध्ये वीज गेली होती का?" हुंगून मोकळा होत नाही. तो वस्तू शक्यतो आपल्यासमोर उघडतो. वस्तूचे किती आणि कामाचे किती, हे निरनिराळे आणि आधी सांगतो. काढलेला जुना भाग न मागता आपल्या हातात देतो. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे, स्वतःचे नुकसान करणारी दोन वाक्ये त्याच्या तोंडून सहज निघतात: एक, "हे दुरुस्त करू नका, नाकापेक्षा मोती जड होईल", आणि दुसरे, "हे मला जमणार नाही."

त्याच्या अडचणीही ध्यानात घ्याव्यात. आजकालच्या कित्येक वस्तू उघडूच नयेत अशा बेताने चिकटवलेल्या असतात, सुटे भाग मिळत नाहीत आणि माहिती बाहेरच्या कारागिराला दिली जात नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे एक संकेतस्थळ सुरू केले, ते याच अडचणीसाठी. आणि धडधडीत फसवणूक झाली, तर गप्प बसण्याचे कारण नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम १९७४ साली सुरू केले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला आणि पुढे त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही या कायद्याने ‘सेवा’ आहे. ती सदोष असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. मात्र त्यासाठी हातात बिल लागते. आणि "बिल नको, थोडे कमी करा" असे म्हणणारे आपणच असतो!

तर, मूळ मुद्द्यावर येतो. आपण वस्तूला पैसे देतो, ज्ञानाला देत नाही. डब्यातून नवा भाग निघाला की आपले समाधान होते. नुसती तार जोडली, स्क्रू पिळला, की आपल्याला लुबाडल्यासारखे वाटते. कोणती तार जोडायची हे शिकायला त्या माणसाची वीस वर्षे गेलेली असतात, पण वीस वर्षे डोळ्यांना दिसत नाहीत आणि साठ रुपयांचा कंडेन्सर दिसतो. मग कारागीर काय शिकतो? तार जोडली असे सांगू नये. "किट बदलले" असे सांगावे. अशा रीतीने खोटे बोलण्याचा पहिला धडा पुष्कळदा गिऱ्हाईकच देते.

हे मला उगाच सुचलेले नाही. मला ते सुनावले गेले आहे. मिक्सर उलटा केल्यानंतरच्या रविवारी मी मिस्त्रींना शोधत गेलो. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, जिन्याखाली त्यांचे दुकान. मी शंभराची नोट पुढे केली. "मिस्त्री, त्या पंख्याचे राहिले होते."

त्यांनी आठवल्यासारखे केले नाही. त्यांच्या ते लक्षातच होते. "राहू द्या साहेब," ते म्हणाले. मग हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी वाइंडिंग जळालंय म्हटलं असतं ना, तर आठशे दिले असते तुम्ही. पंखा उतरवून नेला असता, संध्याकाळी पुसून परत लावला असता. चहासुद्धा पाजला असतात मला."

चिवड्याचे मी त्यांना सांगितले नाही.

"मग का नाही म्हणालात तसं?" मी विचारले.

"पोरगं होतं ना बरोबर. नुकता शिकायला लागला होता. त्याला पहिल्यांदा तेच शिकवायचं का?"

"काय करतो आता तो?"

"पार्सलं पोचवतो गाडीवरून. म्हणाला, बाबा, खरं बोललं की पैसे कापतात, तर असला धंदा कशाला शिकू? आता याला मी काय सांगणार, तुम्हीच बोला."

मी काय बोलणार? त्याचे उत्तर अडीचशे रुपये होते आणि ते देण्याची वेळ दोन वर्षांपूर्वी निघून गेली होती. आग्रह केल्यावर त्यांनी नोट घेतली आणि कपाटावरच्या गणपतीपुढे ठेवली. मी मात्र घरी येईपर्यंत त्या मुलाचाच विचार करीत होतो. स्टूल धरून उभा असताना त्याने वर बापाकडे पाहिले होते आणि मग माझ्याकडे.

यंदा आम्ही शहाणे झालो आहोत. दसरा होताच मिस्त्रींना बोलावून घेतले. त्यांनी तासभर खपून घरातली सगळी यंत्रे पाहिली. फ्रिजच्या मागची जाळी साफ केली, मिक्सरमधली हळद झाडली, वॉशिंग मशीनची गाळणी उघडून धुतली. एकही भाग बदलला नाही. "सगळं ठीक आहे वहिनी. दिवाळी निर्धास्त करा," म्हणाले आणि तीनशे रुपये मागितले.

खोटे कशाला बोलू, माझी जीभ एकदा वळवळली. सवयच ती! पण सौ.ने नुसते मिक्सरकडे पाहिले आणि मी मुकाट्याने पाकीट काढले.

दारात जाऊन मिस्त्री परत वळले. खिशातून दहा रुपयांचे एक काळपटलेले नाणे काढून त्यांनी सौ.च्या हातावर ठेवले.

"गाळणीत सापडलं, वहिनी. द्यायचं राहिलं होतं."